वरचं फाटक

आमच्या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं जावंच लागतं. रस्ता एका गाडीपुरता. एका अंगाला दगडी गडगा, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घळ. मधे मधे रस्ता थोडा फुगवून बगल काढलेली असते, तिथं एकानं अंग चोरून थांबायचं आणि दुसऱ्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून पुढे जायचं. आणि ज्याच्या मागे ट्रेलर आहे त्याला कधी मागं हटवायचं नाही, हे आमच्या स्ट्रॉनव्हेग गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या ऑक्टोबरच्या सकाळी माझ्या ट्रेलरमध्ये लिलावातून आणलेले दोन मेंढे होते. पाऊस काचेवर आडवा मारत होता. आणि समोर टपालाची लाल गाडी येऊन उभी राहिली, ती हलेचना.

मी दिवे मारले. त्यानंही मारले. मी हातानं मागं जायची खूण केली, तर त्यानं हसून हात हलवला... जणू मी त्याची ओळख काढत होते. शेवटी उतरले आणि भिजत त्याच्या खिडकीशी गेले. आमचा नेहमीचा टपालवाला आर्ची गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडला होता. हा कुणी नवाच होता. कान मोठे, थंडीनं लाल झालेले, आणि कपाळावर ओल्या केसांची एक बट.

"मागे घ्या," मी म्हटलं.

"बगल तुमच्या मागे जवळ आहे," तो म्हणाला. "माझ्या मागची... जरा लांब आहे."

"माझ्या मागे ट्रेलर आहे."

"दिसतोय. त्यातला एक जण माझ्याकडे फार वाईट नजरेनं बघतोय."

मला हसू आलं होतं. मी ते दाखवलं नाही.

त्यानं गाडी मागे घेतली. म्हणजे घ्यायला सुरुवात केली. गाडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि मग मागचं चाक सावकाश घळीत उतरलं. आपल्याला गाडी मागे घेता येत नाही, हे त्यानं आधी सांगितलं असतं तर दोघांचा वेळ वाचला असता. मी पिकअपला दोर बांधून त्याला ओढून काढलं. तो मागून ढकलत होता आणि कमरेपर्यंत चिखलानं माखला होता. नाव ग्रेगर, गाव म्हणजे डंडी शहर, आर्चीचा गुडघा बरा होईपर्यंत हिवाळाभर इथं, एवढं त्यानं ढकलता ढकलताच सांगून टाकलं.

एवढ्यात मला रस्त्यावरून टापांचा आवाज आला. वळून बघते तर आमच्या खालच्या रानातल्या मेंढ्या रांगेनं चालत त्याच्या गाडीमागून येताहेत. पठ्ठ्यानं आमच्याकडे टपाल टाकलं होतं आणि फाटक उघडंच सोडून आला होता.

मग मात्र माझी जीभ सुटली. काय काय बोलले ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. तुमच्या डंडीत दारं आपोआप लागत असतील, इथं हातानं लावावी लागतात, असं म्हटलं. इथं माणूस मेला तर दुसऱ्या दिवशी पुरतात, पण फाटक उघडं राहिलं तर वीस वर्षं बोलत बसतात, असंही म्हटलं.

"फाटक दिसलं की लावायचं. कुठलंही असो, कुणाचंही असो. कळलं?"

"कळलं," तो शहाण्या मुलासारखा म्हणाला. "दिसलं की लावायचं."

आणि दोन्ही हात पसरून तो मेंढ्यांमागे पळाला. मेंढ्या त्याला बघून जास्तच पळाल्या.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं. रान भाड्याचं. पट्टा मे महिन्यात संपणार, आणि पुढचं हो-नाही फेब्रुवारी संपायच्या आत मालकाला कळवायचं होतं. त्याला तिथं लाकडासाठी झाडं लावायची होती, एकाला एक खेटून, खाली गवताचं पातंही उगवू न देणारी. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. बाबांच्या खुब्याचं हाड झिजलेलं, काठीशिवाय अंगण ओलांडता येत नव्हतं. उरले मी आणि मॉस, आमचा कुत्रा. बाबा एकदाच बोलले होते. मेंढ्यांनी हा हिवाळा नीट काढला तर दहा वर्षांची सही करतो, नाही काढला तर आपण इथून उठायचं.

आता कुणी म्हणेल, मेंढ्या काय, गेल्या तर नव्या आणाव्या. तसं नसतं. आमच्या डोंगराला म्हातारी म्हणतात, आणि म्हातारीवर कुंपण नाही. कुठलं गवत आपलं, कुठला ओढा आपला, वारा फिरला की कुठं जायचं, हे प्रत्येक मेंढी आपल्या आईकडून शिकलेली असते. बाजारातून आणलेली मेंढी आठवड्याच्या आत तीन गावं पलीकडे सापडते. पणजोबांच्या वेळेपासून तोच कळप त्याच डोंगरावर होता. तो गेला की घर गेलं.

डोंगर आणि खालचं रान यांच्या मधे गडगा आहे आणि गडग्यात वरचं फाटक. नोव्हेंबर लागला की ते आम्ही दोरीनं उघडं बांधून ठेवतो. वादळ यायच्या आधीच मेंढ्यांना कळतं, मोडक्या शिंगाची एक म्हातारी मेंढी पुढे होते आणि सगळ्या तिच्यामागून खाली बर्चच्या झाडीत येतात. कुणाला वर जावं लागत नाही. फक्त फाटक उघडं हवं.

ग्रेगर रोज यायला लागला. टपाल असो नसो. एकदा तर कानाच्या मशीनची जाहिरात घेऊन एवढा चढ चढून आला. बाबा म्हणाले, मला ऐकू येतं, आणि त्याच्यापुढे चहा सरकवला. आमच्याकडे टपालवाला दारात उभ्यानं, कोट न काढता चहा पितो. आर्चीनं तीस वर्षं तसाच प्यायला. ह्याचा कोट आठवड्याभरात खुंटीवर गेला. जेसीआत्याला, म्हणजे बाबांच्या बहिणीला, हे कसं कळलं कोण जाणे. गावातलं दुकान आणि टपालकचेरी दोन्ही तीच चालवते, त्यामुळे तिला सगळं कळतं. कोट खुंटीला गेला म्हणजे माणूसही लवकरच टांगला जातो, असं ती मला ब्रेड देता देता म्हणाली.

रस्त्यावर तो सगळ्यांना एक बोट उचलायला शिकला. मला मात्र आख्खा हात. त्या हाताच्या नादात दोनदा घळीत जाता जाता वाचला.

म्हणून मग मीच त्याला गाडी मागे घ्यायला शिकवलं. खालच्या रानात, रिकामा ट्रेलर जोडून. पाऊस नुकता थांबला होता आणि सगळीकडून पाणी वाहायचा आवाज येत होता. मी मागे उभी राहून हातानं दिशा दाखवत होते.

"मागे बघ," मी ओरडले.

"बघतोय."

"माझ्याकडे नाही. आरशात."

"आरशातही तूच आहेस," तो म्हणाला.

तोवर आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. तो 'तू' कुणी आधी म्हटला यावर पुढे आमचं भांडण झालं. मला मात्र पक्कं आठवतं, मीच. 'मागे बघ.' एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

फेब्रुवारीअखेर आर्ची परत येणार होता. मी तो विचार लांब ठेवला होता. बाबांची सही, आर्चीचा गुडघा, सगळं एकाच महिन्यात येऊन पडणार होतं आणि मला त्यातलं काहीच नको होतं.

डिसेंबरच्या मधल्या एका दिवशी वारा पडला. पानही हलेना. आभाळ मळकट पिवळं झालं होतं. बाबा खिडकीशी उभे होते. "येतंय," एवढंच म्हणाले. रेडिओवरही तेच सांगत होते. मला मेंढ्यांची काळजी नव्हती, त्या आपल्या आपण येतील. रस्ता बंद व्हायच्या आत रॉकेल आणि ब्रेड आणावा म्हणून मी आत्याच्या दुकानात गेले.

तिथंच ग्रेगर आला. खांद्यावर बर्फाचे पहिले ठिपके, कान लालबुंद. गडग्यापलीकडे डोंगराच्या कुशीत मिस मुनरो एकट्या राहतात. त्यांचं टपाल एरवी दुकानातच राहतं, भाची येऊन नेते. पण त्या दिवशी ख्रिसमसचं पार्सल आलं होतं, म्हणून हा पहिल्यांदाच ती वाट चढून गेला होता. मिस मुनरोंनी त्याला केकचा मोठा तुकडा दिला होता. तो त्यानं काउंटरवर ठेवला, अर्धा माझ्याकडे सरकवला आणि आत्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "आज मला बक्षीस हवंय."

"कशाबद्दल?"

"एक फाटक लावून आलोय. वरचं. ते गडग्यातलं. कुणीतरी चक्क दोरीनं बांधून उघडं ठेवलं होतं, बोल. गाठ सुटेना, शेवटी कापली. कडीत दगड पण ठोकलाय, वाऱ्यानं उघडायला नको." तो हसत होता. "दिसलं की लावायचं. खरं ना?"

आत्याचा हात गल्ल्यावर तसाच राहिला. दुकानाच्या काचेबाहेर बर्फ आता ठिपके राहिला नव्हता.

मला ओरडता आलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी अगदी हळू बोलले.

"तू माझ्या बाबांचा कळप मारलास."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जायलाही थोडा वेळ लागला. मी पिशवी तिथंच टाकून निघाले. मागे आत्या त्याला काहीतरी समजावून सांगत होती.

घरी बाबांना सांगितलं, फाटक बंद आहे. कुणी लावलं ते सांगितलं नाही. ते उठले, कोटाकडे हात केला, एक पाऊल टाकलं आणि परत खुर्चीत बसले. बाबांना असं बसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मॉसला ने," ते म्हणाले. "आणि गडगा सोडू नकोस. काही झालं तरी गडग्याला धरून राहा."

फावडं घेतलं, लांब काठी घेतली. गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, तर तिथं टपालाची लाल गाडी उभी. आत कुणी नाही. बगलेत नीट लावलेली, दुसऱ्या गाडीला जायला जागा राहील अशी. त्या वादळात तिथून दुसरी कुठली गाडी जाणार होती? तरी त्यानं ती बगलेत लावली होती. मला रडू फुटलं. मूर्ख, मूर्ख, असं म्हणत मी चढायला लागले.

दिवस तसाही आमच्याकडे डिसेंबरात दुपारीच मावळतो. त्या दिवशी त्याहून आधी अंधारलं. वारा म्हातारीवरून खाली येत होता आणि बर्फ तोंडावर वाळूसारखा बसत होता. डावा हात गडग्यावर ठेवून मी चालत होते. पुढचं पाऊल दिसत होतं, त्यापुढचं नाही. फोनला तिथं कधीच रेंज नसते. मी त्याला हाका मारल्या, पण वाऱ्यानं त्या माझ्याच तोंडात परत कोंबल्या. दर हाकेनंतर थांबून ऐकायचं, काहीच नाही, की पुन्हा पाय उचलायचे. मेंढ्यांना आधी शोधू की त्याला, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली, कारण उत्तर मला ठाऊक होतं. पणजोबांचा कळप तिथं मरत होता आणि मी दोन मोठे लाल कान शोधत होते.

फाटकाशी पोचले. ते उघडं होतं.

फाटक डोंगराकडे उघडतं, म्हणजे त्याच्यापुढे वाऱ्यानं कमरेएवढा बर्फ आणून लोटला असणार. तो सगळा उपसलेला होता. बाजूला टपाल ठेवायचा प्लास्टिकचा क्रेट पडला होता, एका बाजूनं फुटलेला. त्यानंच उपसलं होतं. आणि उघड्या फाटकातून मेंढ्या येत होत्या, एकीमागे एक, पाठीवर बर्फाचे थर घेऊन. मोडकं शिंग केव्हाच पुढे गेलं होतं. मी त्यांच्या अंगाला हात लावत राहिले. गरम होत्या. चालत होत्या.

पण तो नव्हता.

फाटक उघडून तो खाली उतरला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. त्याचं काम झालं होतं. खाली उतरला असता तर मला वाटेत भेटला असता. म्हणजे तो वरच होता, कुठंतरी, डोंगराचं अक्षरही माहीत नसलेला माणूस. मी मॉसकडे बघितलं. मॉस मेंढ्यांकडे बघत नव्हता. गडग्याच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे कान करून उभा होता. मग भुंकला.

मी गडगा धरून त्याच्यामागे गेले. कोपऱ्यात, जिथं गडगा वळतो, तिथं आधी लाल कोट दिसला. तो गुडघ्यावर बसून नुसत्या हातांनी बर्फ उकरत होता. हातमोजे कुठं गेले होते कोण जाणे. मला बघून त्याला आश्चर्यही वाटलं नाही, इतका तो थकला होता.

"तू कशाला आलीस?"

"आज टपाल आलं नाही," मी म्हटलं. "म्हणून बघायला आले."

त्याचे ओठ हलले, हसण्यासाठी असावेत. "खाली आहेत अजून," तो म्हणाला. "बघ. वाफ येतेय."

खरंच होतं. बर्फात बोट जाईल एवढी भोकं पडली होती, कडा पिवळसर. खाली मेंढी श्वास घेत असली की असं भोक पडतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी फावडं चालवलं, त्यानं शिंगं धरून ओढलं. काही मेंढ्या बाहेर येताच अंग झाडून फाटकाकडे चालू पडल्या. काही उठल्या नाहीत. तो त्यांनाही ओढत राहिला, मी नको म्हणेपर्यंत.

"हात दे," मी म्हटलं.

तो पुन्हा बर्फ उकरायला लागला.

"ग्रेगर, हात दे म्हणते ना."

बोटं पांढरी पडली होती, वाकत नव्हती. मी कोटाची बटणं उघडली आणि त्याचे हात माझ्या काखेत घट्ट दाबून धरले. बर्फाचे तुकडे होते नुसते. मला हुडहुडी भरली. त्याचं कपाळ माझ्या खांद्यावर टेकलेलं, मॉस आमच्या पायांना चिकटून. किती वेळ तसे उभे होतो, सांगता येणार नाही. एरवी माझी जीभ गप्प बसत नाही, पण दुकानात मी जे बोलले होते ते मधे उभं होतं.

उतरताना खाली दोन दिवे दिसले. बाबांनी ट्रॅक्टर खालच्या फाटकापर्यंत आणून डोंगराकडे तोंड करून उभा केला होता, आम्हाला दिसावा म्हणून. तो खुबा घेऊन ते ट्रॅक्टरवर चढले कसे, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

स्वयंपाकघरात आत्या बार्लीचं सूप घेऊन हजर होती. ग्रेगरचे हात कोमट पाण्यात होते आणि बोटांत जीव परत येताना किती दुखतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाबांनी त्याच्यापुढे व्हिस्की ठेवली आणि समोर बसले.

"फाटक कुणी लावलं?"

"मी," ग्रेगर म्हणाला.

"लाव म्हणून कुणी सांगितलं होतं?"

तो पाण्यातल्या हातांकडे बघत होता. "कुणी नाही."

"मी सांगितलं होतं, बाबा," मी म्हटलं. "फाटक दिसलं की लाव, कुठलंही असो. माझेच शब्द आहेत."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "जसं सापडलं तसं ठेवायचं," ते शेवटी म्हणाले. "नियम तेवढाच आहे. अर्धा नियम शिकवणारी मूर्ख आणि तेवढाच पाळणारा मूर्ख." आणि त्याचा पेला पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी बर्चच्या झाडीत बाबांनी कळप मोजला. काही मेंढ्या गेल्याच होत्या. उरलेल्यांकडे बघून ते म्हणाले, "पुरेत." सहीचं मात्र बोलले नाहीत, आणि मी विचारायला धजले नाही.

आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. झालं उलटंच. ग्रेगर यायचा बंद झाला. टपाल रस्त्यावरच्या पेटीत टाकायचा आणि निघून जायचा. रस्त्यात भेटला की एक बोट. सगळ्यांना एक तसं मलाही एक. खुंटी रिकामी बघून मला चीड यायची. बाबा म्हणाले, त्या मेलेल्या मेंढ्या त्याच्या डोळ्यापुढून जात नसतील. मला ठाऊक होतं, मेंढ्या नव्हे, माझं ते एक वाक्य. दुकानात हळू आवाजात बोललेलं. रोज ठरवायचे, आज थांबवून बोलीन. रोज ती गाडी वळणावर दिसली की बगलेत शिरून घळीकडे तोंड फिरवायचे. हिवाळाभर डोंगरावर एकटी फिरणारी मी, एका टपालाच्या गाडीला घाबरायला लागले होते.

जानेवारी असाच गेला. फेब्रुवारीही सरत आला. आर्ची काठी न घेता आत्याच्या दुकानापर्यंत चालत येऊन गेला, तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मी सोडून.

शेवटच्या दिवशी मी तालुक्याहून मेंढ्यांचा खुराक घेऊन येत होते. ट्रेलर गच्च भरलेला. पाऊस बारीक पडत होता. आमच्या घराच्या अलीकडच्या वळणावर समोरून एक निळी छोटी गाडी आली आणि थांबली. टपालाची नव्हती. मागच्या सीटवर बॅगा, वर एक उशी. ग्रेगर.

तो आमच्याच घरून येत होता. म्हणजे मी घरी नसताना निरोप घेऊन चालला होता. माझं डोकंच फिरलं. मी दिवे मारले नाहीत. खाली उतरले आणि त्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले, पहिल्या दिवसासारखीच भिजत.

"बाबांना भेटलास?"

"हो."

"आणि मला?"

"मला वाटलं, तुला नको असेल. तू म्हणाली होतीस ना... कळप मारलास म्हणून. खरंच होतं ते."

"खोटं होतं," मी म्हटलं. "मी घाबरले होते म्हणून बोलले. आणि मग रस्त्याच्या टोकाला तुझी रिकामी गाडी बघून त्याहून जास्त घाबरले. तेव्हा मला मेंढ्यांचं काही वाटत नव्हतं, ग्रेगर. पणजोबांनी ऐकलं तर थडग्यातून उठून येतील, पण नव्हतं वाटत. मला तू हवा होतास. अजूनही हवा आहेस. झालं, बोलले."

मागे आत्याची गाडी येऊन थांबली होती. पुढे रस्ता बंद, मागे ती. तिनं हॉर्न वाजवला नाही. इंजिन बंद केलं आणि विणकाम बाहेर काढलं.

ग्रेगरनं काच पूर्ण खाली केली. पाऊस आत येत होता. "तुझे बाबा काय म्हणाले माहितीये?" तो म्हणाला. "मी म्हटलं, येतो. त्यांनी विचारलं, गाडी मागे घ्यायला शिकलास का? मी म्हटलं, हो. तर म्हणाले, मग बघ, आमची एफी समोरून येत असेल."

"एवढंच?"

"नाही. सकाळी दहा वर्षांची सही केली म्हणाले."

मी त्याच्या खिडकीची कड धरली. बाबांनी मला सांगितलं नव्हतं, ह्याला सांगितलं होतं.

"दहा वर्षं," मी म्हटलं. "मला एवढी वर्षं एकटीनं फाटकं लावत बसायचं नाही. सांगून ठेवते."

तो माझ्याकडे बघत होता. ते कान पुन्हा लाल झाले होते. "मागे तुझ्या ट्रेलर आहे," तो म्हणाला.

"आहे."

"म्हणजे मलाच जावं लागणार."

"नियमच आहे तसा."

त्यानं आरशात बघितलं आणि गाडी मागे घेतली. जवळची बगल वळणाच्या पलीकडेच होती. ती त्यानं सोडून दिली. तिच्या मागचीही सोडली. सरळ, सावकाश, एकदाही घळीकडे न झुकता, आमच्या खालच्या फाटकापर्यंत. मी त्याच्या पुढे पुढे, आत्या माझ्या मागे.

तिथं तो उतरला, फाटक उघडून धरून उभा राहिला. मी ट्रेलर आत घेतला. आरशात तो दिसत होता, बाहेर, रस्त्याच्या बाजूला, एक हात फाटकावर, केस पुन्हा कपाळावर चिकटलेले.

"हे मला बंद सापडलं होतं," तो म्हणाला. "लावू?"

"आधी आत ये," मी म्हटलं. "मग लाव."